पुण्याची पार्टी

नोकरीच्या मुलाखतीत नापास झालेल्या माणसाला निदान एवढे समाधान असते की तो स्वतः अर्ज करून, कपड्यांना इस्त्री करून, आपल्या पायांनी तिथे गेलेला असतो. माझी मुलाखत नाताळच्या सुट्टीत मालवण तालुक्यातल्या एका पाणंदीत, मी गाडीच्या खिडकीतून कमरेपर्यंत बाहेर लोंबकळत असताना घेण्यात आली. परीक्षक गडग्यावर बसून विडी ओढत होते आणि निकाल माझ्या बायकोसमोर व दोन्ही मुलांसमोर तोंडी जाहीर झाला. त्या निकालावर अपील कुठे करायचे हे मला अद्याप कळलेले नाही.

पन्नाशी उलटली की पुण्यातल्या माणसाला गुडघेदुखी तरी लागते किंवा कोकणातल्या घराचे वेड तरी. आम्हांला दोन्ही लागले. निवृत्तीनंतर सिंधुदुर्गात राहायचे, पुढे खळे, मागे माड, कौलारू छप्पर, हा बेत बायकोने वहीत आकृतीसह काढून ठेवलेला आहे. त्यामुळे कोल्हापूर, राधानगरी, दाजीपूर करत आम्ही फोंडा घाट उतरलो आणि कणकवलीहून आचऱ्याच्या रस्त्याला लागलो. दाजीपूरच्या जंगलात गवे दिसतात असे मी मुलांना सांगितले होते, परंतु मुलाने घाटभर पिशवीत तोंड खुपसले होते आणि मुलीने मोबाइलमध्ये, त्यामुळे गव्यांनी रांग लावून सलामी दिली असती तरी ती वायाच गेली असती.

आमच्या आधी एजंट तिथे हजर होता. या गृहस्थांना मी फोनवरच स्पष्ट सांगितले होते की मी शेतकरी नाही. महाराष्ट्रात शेतजमीन विकत घ्यायची तर घेणारा शेतकरी किंवा शेतमजूर असावा लागतो, नाहीतर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. 1948 च्या कूळवहिवाट कायद्याचे 63 वे कलम मी पाठ केले आहे. आजोबा कारकून, वडील कारकून, मी लेखापाल, अशी आमची वंशावळ असून मातीशी आमचा संबंध कुंडीपुरता आहे. एजंट म्हणाला, "साहेब, दाखल्याचं बघू आपण काहीतरी." आयुष्यभर इतरांचे हिशेब तपासलेल्या माणसाला ‘काहीतरी’ हा शब्द ऐकल्याबरोबर घाम फुटतो. मी त्याला बिगरशेती जमीनच दाखवण्याची ताकीद दिली. त्यावर त्याने जी जमीन काढली ती बिगरशेती, म्हणजे एनए, नव्हती, तर ‘एनए होण्यासारखी’ होती. ‘लग्न होण्यासारखा मुलगा’ म्हणतात तेव्हा जी हमी मिळते, तीच याही जमिनीला होती. अकरा गुंठे, रस्त्याला लागून, चारचाकी थेट दारात. एक गुंठा म्हणजे 1089 चौरस फूट आणि पुण्यातला आमचा फ्लॅट त्याहून लहान, त्यामुळे ‘अकरा गुंठे’ ऐकूनच आम्हांला जहागीरदार झाल्यासारखे वाटू लागले होते.

"या माझ्या मागून," असे म्हणून एजंट मोटरसायकलवरून पुढे निघाला. मोटरसायकलवर बसलेल्या माणसाला पृथ्वीवरची कोणतीही फट रस्ताच वाटते. डांबर संपले, मग खडी संपली आणि मग दोन्ही बाजूंना जांभ्या दगडाचे चिरे रचून केलेल्या गडग्यांमधून जाणारी एक पाणंद सुरू झाली. ती पुढे पुढे अरुंद होत गेली. डावीकडचा आरसा मिटवला, उजवीकडचा मिटवला, आणि मग जिथे पाणंद वळत होती तिथे गाडी न वळता थांबली. पुढे जाईना, मागे येईना आणि दोन्हीकडचे दरवाजे चार बोटांहून अधिक उघडेनात. मुलगा मागच्या सीटवरून डिकीत गेला आणि तिथून बाहेर निसटला. बाकीचे आम्ही तिघे आतच राहिलो. एजंट वळसा घालून परत आला, त्याने परिस्थितीचे अवलोकन केले आणि खिशातून मोबाइल काढून आमचे फोटो काढायला सुरुवात केली. मदत मागवण्यासाठी ते फोटो कुणाला तरी पाठवायचे असतील अशी माझी समजूत झाली.

तात्या नेमके कुठून आले हे मी सांगू शकत नाही. आधी गडग्यावर कोणी नव्हते आणि मग होते. पंचा, उघडे अंग, खांद्यावर कोयती अडकवलेली, वय सत्तरीच्या पुढे कितीही. ते माझ्या खिडकीच्या समोर, बरोबर माझ्या तोंडाच्या उंचीवर बसले. त्यांनी विडी पेटवली, गाडीकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले, पुन्हा गाडीकडे पाहिले.

"कोणाकडे इलास?"

मी म्हटले, जमीन बघायला आलो आहोत.

"गाडी हय घालूक कोणी सांगल्यान?"

मी एजंटकडे बोट दाखवले. एजंट तोपर्यंत फोटोसाठी लांब गेला होता.

"हयसून गाडी जाणा नाय," तात्यांनी माहिती दिली. "बैल जातत. एकामागून एक."

ही माहिती कितीही उपयुक्त असली तरी तिची वेळ टळून गेली होती, असे मी त्यांना शक्य तितक्या आदराने सुचवले आणि गाडी काढण्यासाठी कोणी माणसे मिळतील का असे विचारले. तात्या म्हणाले, पोरे क्रिकेट खेळायला गेली आहेत, येतील. आणि मग, माणसाकडे वेळ आहे आणि समोरचा कुठेही जाऊ शकत नाही असा दुहेरी योग आलेला पाहून त्यांनी मुलाखतीला प्रारंभ केला.

"जमीन घेऊन काय करतलास?"

घर बांधून राहणार, असे मी सांगितले. माझ्या आवाजात नाही म्हटले तरी थोडी ऐट होती.

"माडार चढूक येता?"

मी हसलो. ते हसले नाहीत. मी नाही म्हटले.

"कलमा बांधूक येता? ... नाय. गडगो रचूक? ... नाय. बावीत उतरान गाळ काढूक? ... ता तर नायच." हे शेवटचे त्यांनी माझ्या पोटाकडे पाहून परस्पर ठरवले. "सरपाक भियतास?"

माझी बायको मागून म्हणाली, "हे पालीला भितात."

"बाबा झुरळालासुद्धा भितात," असे माझ्या कन्येने त्या दिवसात प्रथमच मोबाइलमधून मान वर काढून सांगितले.

तात्यांनी विडीचा एक दीर्घ झुरका घेतला. "मगे तुमका येता काय?"

आता, गेली कित्येक वर्षे मी एका कार्यालयात जबाबदारीच्या पदावर आहे. माझ्या सहीशिवाय तिथे पंखासुद्धा खरेदी होत नाही. ताळेबंदातली चूक मी कागद उलटा धरूनही शोधू शकतो. हे सगळे सांगण्यासाठी मी तोंड उघडले आणि त्या गडग्याकडे, त्या कोयतीकडे, त्या सत्तरीपार उघड्या छातीकडे बघून माझ्या तोंडून जे निघाले ते असे: "मला एक्सेल येतं."

तात्यांनी याची नोंद घेतली नाही. त्यांनी मोहरा बायकोकडे वळवला. तिला खोवणीवर बसून नारळ खोवता येतो, आमसुले ओळखता येतात आणि भाकरी थापता येते, एवढ्या भांडवलावर ती पहिल्या फेरीतून सुटली. "वयनीचा जमात," असे तात्या म्हणाले. ते वाक्य तिने सुट्टी संपेपर्यंत निरनिराळ्या निमित्तांनी मला ऐकवले, एकदा तर मी चहात साखर जास्त घातली म्हणून.

उमेदवाराने आपली कागदपत्रे सादर करावीत तसा बायकोने पर्समधून सातबाऱ्याचा छापील उतारा काढला. तो तिने आदल्या रात्री संगणकावरून मिळवला होता आणि त्यावर मालकांच्या नावांची रांग पहिले पान ओलांडून दुसऱ्यावर गेली होती. सगळी नावे सामाईक. तात्यांनी मान हलवली: "वाचा." तिने वाचायला सुरुवात केली आणि तात्यांनी प्रत्येक नावापुढे शेरा मारायला.

"ह्यो गेलो. ... ह्यो पण गेलो. ... ही नालासोपाऱ्याक रवता. ... ह्यो खयच्या तरी बोटीर आसा, धा वर्सा कोणी बघूक नाय. ... ह्यो गेलो. ... हेच्या बायलेचा नाव लागाक व्हया होता, ता लागला नाय, म्हणान ती बोलणा नाय. ... ह्यो डोंबिवलेक. ... ह्यो मी."

बायको थांबली. मी खिडकीतून आणखी थोडा बाहेर आलो. ज्या जमिनीकडे जाताना आम्ही अडकलो होतो तिच्या मालकांपैकी एक आमच्यासमोर बसून विडी ओढत होता आणि अर्धा तास त्याने याबद्दल चकार शब्द काढला नव्हता. मी एकदम सूर बदलला. तात्या, तुमची विकायची तयारी आहे ना, असे विचारले.

"माझो हिस्सो खयचो, ता माकाच म्हायत नाय. तुमका काय विकू?"

पण मग एजंट म्हणतो की सगळे तयार आहेत.

"सगळे म्हंजे कोण? गेलेले पण?"

यावर एजंटने दुरूनच ‘वारस लावून घेऊ’ असे ओरडून सांगितले. वारस लावणे म्हणजे मेलेल्या प्रत्येकाच्या जागी त्याची मुलेबाळे फेरफाराने सातबाऱ्यावर चढवणे. म्हणजे आता दीड पान असलेली यादी चार पानांची होणार, तिच्यातल्या प्रत्येकाची सही मिळवायची आणि त्यांपैकी एक बोटीवर. मी मनातल्या मनात हिशेब केला. ते मला येते. माझी निवृत्ती आधी होणार होती, बहुधा सगळ्याच गोष्टींतून.

क्रिकेट संपवून पोरे आली तेव्हा तात्या पाण्याच्या विषयावर होते. एवढा तीन-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या मुलखात पाण्याची काय चिंता, असे मी बोलून गेलो होतो. तात्यांनी मला जांभा दाखवला. तो दगड भोकाभोकांचा. जूनमध्ये पडलेले पाणी त्यातून झिरपून, उतारावरून वाहून समुद्राला मिळते आणि एप्रिल-मे महिन्यांत विहिरी तळ दाखवतात. "मे म्हयन्यात या. बावीत पाणी किती रवता ता बघा. मगे माकडांका विचारा, तुमका काय ठेवतले ता. मगे जमीन घेवा." डिसेंबरच्या गारव्यात, शहाळ्याचे पाणी पिऊन, हिरवे माड बघून जमीन पसंत करणाऱ्या लोकांविषयी त्यांचे मत त्यांनी बोलून दाखवले नाही, पण विडी ज्या पद्धतीने चिऱ्यावर चिरडली त्यावरून ते मला कळले.

पोरांनी गडग्याचे वरचे काही चिरे उतरवले, गाडीचा मागचा भाग उचलून हातभर सरकवला आणि तात्यांनी "येवंदे, येवंदे, येवंदे... रव! रव म्हटलंय मा!" अशा आज्ञा देत ती मागे काढून दिली. डाव्या बाजूला दरवाज्यापासून दिव्यापर्यंत ओरखडा उमटला. मी उतरलो, पोरांचे आभार मानले, खिशात हात घातला. कोणी पैसे घेतले नाहीत. हायसे वाटून मी गाडीकडे वळलो, तो मागून आवाज आला.

"चिरे कोण रचतलो?"

मी रचले. कोरडा रचीव गडगा दिसतो तितका सोपा नसतो. एक चिरा बसवला की दुसरा डुगडुगतो. माझे झाल्यावर तात्या गडग्यावरून उतरले, त्यांनी मी लावलेले सर्व चिरे पुन्हा काढले आणि दोन-तीन मिनिटांत स्वतः बसवले. मग हात झटकत, माझ्याकडे न बघता, पोरांना उद्देशून त्यांनी निकाल सांगितला: "हे रवाचे नाय."

पोरांनी माना डोलावल्या. माझ्या मुलानेही.

रात्री मुक्कामाच्या ठिकाणी झोप येईना. ती खोली ‘समुद्रदर्शनी’ होती. खिडकीतून शेजारच्या समुद्रदर्शनी खोलीचा वातानुकूलक दिसत होता आणि नाताळ म्हणून भाडे दुप्पट होते. मला जे खटकत होते ते हे की ही परीक्षा फक्त मलाच का? काजू घ्या. ते झाड मूळचे ब्राझीलचे. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी ते इकडे आणले आणि आज काजूशिवाय सिंधुदुर्गाची कल्पना करता येत नाही. काजूला कोणी गडग्यावर बसून विचारले नव्हते की तुका येता काय. हापूसच्या आजच्या थाटामागेही पोर्तुगिजांचीच कलमे आहेत आणि त्याला 2018 साली रीतसर भौगोलिक मानांकन मिळाले, म्हणजे हा इथलाच आहे असा सरकारी दाखला. माझ्या वंशावळीत एखादे कलम बांधलेले असते तर कदाचित माझेही झाले असते.

आणि शिवाय, एवढी चौकशी करणाऱ्या त्या वाडीत राहते कोण, हे मी मुद्दाम बघून आलो होतो. पाणंदीपासून डांबरी रस्त्यापर्यंत जी घरे लागली त्यांपैकी बहुतेकांना कुलूप. एका घराचे छप्पर मधोमध खचले होते आणि आत, जिथे देवघर असावे, तिथे घाणेरीची झुडपे माजली होती. तेही घर सामाईक. एकाला दुरुस्त करायचे असेल तर दुसरा म्हणतो की उद्या हा मालकी सांगेल. विकायचे असेल तर तिसरा म्हणतो की वाडवडिलांचे आहे. राहायचे असेल असे मात्र त्यांतला कोणीच म्हणत नाही. तात्यांचे स्वतःचे झील मुंबईकडे. ते कधी येणार असे मी विचारले होते, तर "हायवे पुरो झालो की येतंव म्हणतत," असे उत्तर आले. मुंबई-गोवा महामार्गाचे चौपदरीकरण 2011 साली सुरू झाले आहे. त्यामुळे त्या मुलांच्या पितृभक्तीला वर्षानुवर्षे बाध येत नाही. घर ओस पडले तर चालते, कौले फुटली तर चालतात, वासे वाळवीने खाल्ले तर चालतात; चालत नाही तो राहायला येणारा माणूस. तात्यांना माडावर चढता येते हे मान्य, पण त्यांच्यानंतर त्या माडावर कोण चढणार आहे, असा प्रश्न मला त्यांना विचारायचा होता, आणि तो मला रात्री दीड वाजता सुचला.

दुसऱ्या दिवशी आचऱ्यात रामेश्वराच्या देवळात गेलो. तिथे गावपळणीची माहिती कळली: दर तीन-चार वर्षांनी देवाचा कौल झाला की अवघे गाव गुरेढोरे, कोंबड्या, कुत्र्यांसह वेशीबाहेर जाते आणि तीन दिवस, तीन रात्री झोपड्यांत काढून परत येते. गावात तेवढे दिवस चूलही पेटत नाही. बायकोला ही प्रथा अतिशय आवडली आणि आपण या भागात घर घेतले तर आपल्यालाही जाता येईल का, याचा ती विचार करू लागली. मी रजेचा विचार करू लागलो. मुलीने मात्र बिनतोड मुद्दा काढला की आपण गावाबाहेर म्हणून पुण्यालाच जाणार, त्यात पळण कसली. मुलाने झोपडीला चार्जिंगची सोय असते का असे विचारले. तात्या तिथे असते तर त्यांनी आम्हां चौघांचे मिळून एकच प्रगतिपुस्तक लिहिले असते.

परत आल्यावर गाडी रंगवायला टाकली. विमा कंपनीच्या माणसाने घटनास्थळ आणि घटनेचे कारण विचारले. मी ‘भिंतीला घासली’ असे सांगितले, त्याने ‘उभ्या भिंतीला?’ असे विचारून कपाळाला आठ्या घातल्या, आणि माझ्या खिशातून जायची ती रक्कम गेलीच.

परवा एजंटचा फोन आला. जमीन सोडू नका साहेब, दुसरी पार्टी मागे लागली आहे, आणि हो, गुंठ्याचा भाव जरा वाढला आहे. सातबारा तोच, नावे तीच, बोटीवरचा बोटीवरच, मग भाव कशाने वाढला, असे मी खवळून विचारले. तो म्हणाला, आधी लोक रस्त्याबद्दल शंका घ्यायचे, आता ती राहिली नाही, तुम्हांला जाहिरात पाठवतो.

जाहिरात आली. ‘माडांच्या कुशीत 11 गुंठे. निसर्गरम्य. एनए होण्यासारखी. चारचाकी आतपर्यंत जाते.’ खाली पुराव्यादाखल फोटो: दोन गडग्यांच्या मधोमध आमची गाडी, नंबर प्लेट स्वच्छ वाचता येईल अशी, खिडकीतून बाहेर आलेला माझा हात जणू प्लॉटची हद्द दाखवतो आहे, आणि गडग्यावर पाठमोरे बसलेले तात्या. फोटोखाली लिहिले होते, ‘पुण्याची पार्टी पाहून गेली. त्वरा करा.’

मी एजंटला कळवले की फोटो काढून टाका, नाहीतर ओरखड्याच्या रंगकामाचे पैसे द्या. त्याने लगेच नंबर प्लेटवर एक कमळ चिकटवून जाहिरात पुन्हा पाठवली आणि खाली विचारले, आता ठीक आहे ना, साहेब?